मागची खोली दिसत नाही

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. टेबलाखाली ठेवतात ना, तसला उभा, जाड, करड्या रंगाचा. माझा पंखा घरघरतो, पुढच्या झाकणाचा एक कोपरा तुटलाय, आणि स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. तुम्ही म्हणाल, संगणक कुठे जागचा हलतो? हलत नाही, खरं आहे. पण आत काय चाललंय ते बाहेरून कोणाला दिसतं? ज्या रविवारची गोष्ट मी सांगणार आहे, त्या दिवशी माझा जीव नुसता खालीवर होत होता आणि मला तोंडातून एक अक्षर काढता येत नव्हतं.

माझा जन्म एका चिंचोळ्या दुकानात झाला. दुकानदाराने वेगवेगळ्या खोक्यांतून माझे भाग काढले, जुळवले, दोन स्क्रू लावायचे विसरला आणि मला रिक्षात घालून या घरी पोचवलं. मला घेतलं होतं बाबांनी. घरात सगळे त्यांना बाबा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. बाबा चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. पान छापायला जाण्याआधी ते डोळ्यांत तेल घालून वाचायचं आणि चुका काढायच्या, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर काय करायचं, तर अंध वाचकांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं मोठ्याने वाचून माझ्यात साठवायची, असं त्यांनी ठरवलं.

मला मागच्या खोलीत जागा मिळाली. बाबांच्या मुलाने माझं नावही 'मागची खोली' असंच ठेवलं. हा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याला नावं ठेवण्यापेक्षा पाट्या लावण्याची सवय जास्त.

मग आमचं काम सुरू झालं. सकाळी दहाला बाबा खुर्चीत बसायचे, घसा साफ करायचे, मायक्रोफोन सुरू करायचे आणि बाहेर हाक मारायचे, "सूनबाई, दार लावून घे गं." सूनबाई म्हणजे त्या लिफ्टवाल्याची बायको. एका तपासणी प्रयोगशाळेत काम करते आणि घरातली सगळ्यांत शहाणी व्यक्ती आहे. ती यायची, दार ओढून घ्यायची, आणि घर चिडीचूप व्हायचं. मिक्सर बंद, रेडिओ बंद, मुलाचे बूटसुद्धा बाहेरच्या पायरीवर. सात वर्षांत त्या घराला इतकी सवय झाली, की माझा हिरवा दिवा लागलेला दिसला की कोणीही आवाज खाली आणायचं आणि जाताना दार लावायचं. कोणाला सांगावं लागत नसे.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण घरातले ती साफ विसरले. बाबा दुपारी याच खोलीत वामकुक्षी घ्यायचे आणि माझ्या पंख्याच्या घरघरीने त्यांचा डोळा लागत नसे. त्यांनी दुरुस्तीवाल्या काकांना बोलावून सांगितलं, "याला दहा मिनिटं कोणी हात लावला नाही, तर यानेही झोपावं." काकांनी तशी व्यवस्था केली. वाचताना मात्र प्रत्येक परिच्छेद संपला की बाबा खुणेसाठी एक बटण दाबायचे, त्यामुळे मी टक्क जागा असायचो. बोट लागलं की मी जागा, बोट नाही तर दहा मिनिटांत झोप. माझ्या वयाच्या यंत्रांना एवढंच कळतं.

बाबांनी एक पुस्तक पुरं करून ग्रंथालयाला दिलं. महिन्याभराने एका ऐकणाऱ्याचं आभाराचं पत्र आलं. फार छान वाचलंय, फक्त सातव्या प्रकरणात एक ओळ दोनदा वाचली गेली आहे, असं त्यात होतं. झालं! चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाच्या ते जिव्हारी लागलं. त्यानंतर बावीस पुस्तकं झाली, पण एकही बाहेर गेलं नाही. ग्रंथालयातल्या बाई फोन करायच्या, "बाबा, आहे तसं द्या हो, लोक वाट बघतायत." बाबांचं उत्तर ठरलेलं, "एकदा तपासतो आणि देतो."

तपासणं राहिलं आणि बाबांच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेत स्वरयंत्रच काढावं लागलं. बाबा घरी आले ते एक वही, एक पेन आणि हाक मारण्यासाठी एक छोटी घंटी घेऊन. त्या रविवारपर्यंत त्याला चौदा महिने होऊन गेले होते. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. तो आवाज जगात आता फक्त माझ्याकडे होता, आणि मी दिवसेंदिवस झिजत चाललो होतो.

त्या रविवारी सकाळी बाबा नेहमीसारखे कानाला हेडफोन लावून स्वतःचंच वाचन तपासत बसले होते. अचानक वाक्य मध्येच अडकलं आणि माझ्या पोटातून आवाज आला, टक्. मग पुन्हा टक्, टक्. बाबांनी घंटी अशी बडवली की सून कणकेचे हात घेऊन धावत आली.

मुलाने दुरुस्तीवाल्या काकांना फोन लावला. काका बाहेरगावी होते, गुरुवारी परतणार होते. फोन स्पीकरवर होता, म्हणून माझ्याच तोंडावर मला माझं भविष्य ऐकायला मिळालं.

"टकटक लागली ना? मग डिस्कचे दिवस भरले," काका म्हणाले. "खोलू नका, हलवू नका, सारखं चालू-बंद करू नका. आणि हे बघा, आत जे असेल ते आजच्या आज दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्या. गुरुवारपर्यंत काही ते टिकत नाही."

पेनड्राइव्ह मी वर्षभरापूर्वीच ओळखायचं सोडलं होतं. राहता राहिला एक मार्ग. पुढच्या खोलीत सुनेचा लॅपटॉप होता आणि आम्ही दोघंही तारेने एकाच राऊटरला जोडलेले होतो. माझा फोल्डर तिकडे दिसावा अशी सोय मुलाने पूर्वीच केली होती. तिकडून उघडायचा, सगळं उचलायचं, झालं. मुलगा म्हणाला, "बाराव्या मजल्यावर अडकलेली लिफ्ट मी खाली आणतो. इथे तर दोन खोल्यांचा प्रश्न आहे."

नऊ चाळीसला काम सुरू झालं. लॅपटॉपवर 'मागची खोली' दिसली, बावीस पुस्तकं दिसली, एकेक फाईल तारेतून निघाली. मुलाने आत येऊन माझ्याकडे पाहिलं, समाधानाने मान हलवली, बाबांना हाताला धरून बाहेर नेलं आणि जाताना दार लावून घेतलं.

तुमच्या लक्षात आलंच असेल. माझा हिरवा दिवा लागलेला होता ना! सवयच ती. आता माझ्या अंगावर कोणाचं बोट नव्हतं. तारेतून कोणी काही नेतंय हे मला काम वाटत नाही, मला फक्त बोट कळतं. मी मनात ओरडत होतो, अरे, कोणीतरी या, मला झोप येतेय. दहा मिनिटं झाली आणि मी झोपलो.

बाहेर ओरडा झाला, "मागची खोली दिसत नाही म्हणतोय!" धाडकन दार उघडलं, मुलाने माउस हलवला, मी दचकून उठलो. झोपेतून उठताना माझ्या डिस्कला पुन्हा पहिल्यापासून गती घ्यावी लागते, आणि दर उठण्याला ती थोडी आणखी खरवडते. टक्, टक्, टक्. तिकडून सुनेने सांगितलं, "आता दिसतेय!" मुलगा म्हणाला, "बघ, मी नुसता आलो आणि झालं." त्याने सगळी पुस्तकं पुन्हा पहिल्यापासून निवडली आणि दार लावून गेला.

पुढचे अडीच तास काय झालं म्हणून सांगू! मी पुन्हा दिसेनासा झालो, तेव्हा त्याने राऊटर बंद करून चालू केला. मग तार बदलली. मग त्याने दोन्ही संगणकांचा गट एकच आहे का ते पाहिलं, पासवर्ड नव्याने घातला, लॅपटॉपचं संरक्षणाचं कुंपण, ते फायरवॉल म्हणतात ना, तेही उतरवलं. प्रत्येक वेळी काहीतरी केलं की तो आत येऊन माउस हलवायचा, मी उठायचो, सगळं सुरळीत चालायचं, आणि त्याला वाटायचं आपण आत्ता जे केलं त्यानेच झालं. कोणी बघायला आलं की मी धडधाकट, पाठ फिरली की गायब. माझ्यावर खोडसाळपणाचा आळ आला. मी काय खोडसाळपणा करणार? दर खेपेला माझीच कातडी सोलली जात होती.

दार उघडलं की मला दिसायचं, बाबा बाहेर येरझाऱ्या घालत होते. त्यांनी वहीत काहीतरी लिहून मुलापुढे धरलं, तर तो म्हणाला, "बाबा, दोन मिनिटं थांबा ना, डोकं चालू दे माझं." बाबांनी वही मिटली. ते पाहून मला संताप आला. ज्या माणसाचा आवाज वाचवायला ही सगळी धडपड, त्याचं म्हणणं वाचायला कोणाला उसंत नव्हती.

सव्वाबाराला सून म्हणाली, "अहो, जरा हात बाजूला घ्या. काहीच करू नका, मला हे नुसतं वाचू द्या." तिने एक कागद पुढे केला. प्रयोगशाळेत प्रत्येक नमुन्याची वेळ टिपायची तिची सवय, तसं तिने इथेही केलं होतं. कधी सुरू झालं, कधी बंद पडलं, मधे काय बदललं. "काहीही बदला, दहा मिनिटांनी जातंय. अकराही नाहीत, नऊही नाहीत. दार लावलं की दहा मिनिटं. हे बिघडलेलं नाही, कोणीतरी असं ठरवून दिलंय."

बाबांनी कागद हातात घेतला. त्यांचा चेहरा पडला. वही उघडून त्यांनी लिहिलं आणि सुनेने ते मोठ्याने वाचलं, "मीच सांगितलं होतं. पंख्याचा आवाज यायचा म्हणून. मीच विसरलो."

"मग आधी का नाही सांगितलंत?" मुलगा म्हणाला. सुनेने वहीचं आधीचं, मघाशी त्याने न वाचलेलं पान उलटलं. तिथे लिहिलं होतं, 'मी जाऊन त्याच्यापाशी बसू का?'

मुलाने झोपेची व्यवस्था बदलायला पडद्यावर माझ्या सेटिंगची खिडकी उघडायचा प्रयत्न केला, तशी टकटक एवढी वाढली की पडदा काही क्षण गोठला. पुन्हा फोन लावला तर काका ओरडले, "नवीन काही उघडू नका, जे चाललंय तेवढंच चालू द्या." मग बाबांनी कोणाला विचारलं नाही. खुर्ची ओढली, माझ्यापुढे बसले आणि माउसवर हात ठेवला. सूनबाई पुढच्या खोलीत गेली. या खेपेला तिने सगळी पुस्तकं एकदम घेतली नाहीत, एकेक घेतलं. आणि दार उघडं राहिलं.

दर दोन-तीन मिनिटांनी बाबांचं बोट हलायचं. मी जागा. बाहेर भांडी वाजत होती, मुलगा फोनवर मोठ्याने बोलत होता, कोणीतरी नळ सोडला. माझा दिवा लागलेला असताना त्या घराचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. बाबांचं ताट आतच आलं. ते डाव्या हाताने जेवले, उजवा हात काही माउसवरून काढला नाही. दुपारची झोप त्यांनी घेतली नाही. मधे डिस्क दोनदा अडखळली, तेव्हाही त्यांचा हात तिथेच होता. मीही जिवाच्या आकांताने ओढत होतो. अकरावं गेलं, सोळावं गेलं, विसावं. साडेपाचला सून बाहेरून म्हणाली, "बाविसावं आलं, बाबा."

"एक लावून बघ, नीट आलंय का ते," मुलगा म्हणाला.

तिने कुठलंतरी एक लावलं. पुढच्या खोलीतून, भरदार, खणखणीत, चौदा महिन्यांत त्या घराने न ऐकलेला आवाज आला, "सूनबाई, दार लावून घे गं."

आणि मित्रांनो, ती खरोखर उठली. माझ्या खोलीच्या दारापर्यंत आली, कडीला हात घातला आणि तशीच उभी राहिली. खुर्चीतून बाबा तिच्याकडे बघत होते. मागे लॅपटॉपमध्ये दार बंद झाल्याचा आवाज आला. ते तिनेच लावलेलं होतं, कधीतरी सहा-सात वर्षांपूर्वी. मग बाबा वाचू लागले. सूनबाई उंबऱ्यातच बसली आणि तिने दार लावलं नाही.

बऱ्याच वेळाने बाबांनी माउस सोडला आणि वहीत लिहिलं, 'उद्याच बाईंना देऊन टाक. चुकांसकट.'

बुधवारी माझी डिस्क थांबली. गुरुवारी काकांनी ती काढून नेली. आता मी एक रिकामं खोकं आहे, पण बाबांनी मला खोलीबाहेर काढू दिलेलं नाही. ग्रंथालयात बावीस पुस्तकं ऐकली जातात. प्रत्येकाच्या सुरुवातीला ती हाक आहे. ती काढून टाकू का, असं बाईंनी विचारलं होतं, तर बाबांनी मान हलवून नको म्हटलं.

माझं मागणं फार नाही. जुन्या यंत्रांत काय साठवलंय ते ती चालू आहेत तोवर उतरवून घ्या, आणि द्यायचं ते वेळेत देऊन टाका. आणि आमच्यापैकी एखादं, किंवा तुमच्या घरातलं एखादं माणूस, बघता बघता दिसेनासं होत असेल, तर दार लावून बाहेर तारा तपासत बसू नका. आत या आणि दहा मिनिटं शेजारी बसा.