बसायचं जाकीट

मी बोलतोय खरा, पण आवाज दबलेला वाटला तर वाईट मानू नका. माझ्यावर कायम कुणी ना कुणी बसलेलं असतं.

मी एक नारिंगी जाकीट. नावेत चढताना अंगात घालायचं, छातीवरचे दोन चाप लावायचे, आणि माणूस पाण्यात पडलाच तर त्याला वर धरून ठेवायचं, एवढ्यासाठी माझा जन्म. साताऱ्याच्या डोंगरांमागं कोयनेचं पाणी अडून पसरलंय, तिथल्या एका नावेत मी राहतो. नाव चालवणारा हरी मला ‘बसायचं जाकीट’ म्हणतो. गिऱ्हाईक आलं की त्याची हाक ठरलेली, “फळी ओली हाय, जाकीट घ्या बुडाखाली!”

मला एका पत्र्याच्या शेडमध्ये शिवलं. शिवणारी पोरगी मशीन मारता मारता गुणगुणायची, तिच्या पायाच्या ठेक्यावर माझे पट्टे जोडले गेले. तेव्हापासून मला एकच स्वप्न पडतं. सगळीकडं हिरवं पाणी, वर सूर्य विरघळलेला, मी सावकाश वर वर येतोय आणि माझ्या आत कुणाचं तरी काळीज धडधडतंय. ट्रकमधून इकडं येताना उसाच्या फडांतून वारा सळसळत यायचा. मला वाटलं, आलं पाणी.

पाणी हाताच्या अंतरावर आलं, पण वाट्याला आलं नाही. दुपारी हरी मला उशाला घेतो. पर्यटक फोटोपुरतं घालतात आणि फोटो निघाला की काढतात. सगळ्यात वाईट थोरली माणसं. पोरांना दम देतात, “घाल रं, बुडशील!” आणि स्वतः तंबाखू मळत बसतात. पाणी आधी वय विचारतं आणि मग बुडवतं, असा त्यांचा समज असावा. आणि हा समज पोरांनी खोडायचा नाही, कारण मोठ्यांपुढं बोलायचं नसतं. असल्या मुक्या घरांची मला चीड येते. नुसता फोम आहे मी, तरी येते.

त्या दिवशी कडेगावचं एक कुटुंब आलं. ऊस कारखान्याला गेलेला, मंडळी मोकळी झालेली. पुढं आप्पासो, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, पीळ दिलेल्या मिशा, अंगात खाकी लोकरीचं जाकीट. मागं त्यांचा मुलगा उदयसिंह, सून रेश्मा, आणि सांगलीला कॉलेजात शिकणारी नात साक्षी.

साक्षीनं स्वतः एक जाकीट चढवलं, एक वडिलांना घालायला लावलं, मग मला उचललं आणि आईच्या अंगात घातलं. टक. टक. दोन्ही चाप लागले. रेश्माचं काळीज माझ्या आतून ऐकू येऊ लागलं. ती घाबरलेली होती, तिला पोहता येत नव्हतं. मी तिला घट्ट धरलं. स्वप्न इतकं जवळ कधी आलं नव्हतं.

“आप्पा, तुमी बी घाला की,” साक्षी म्हणाली.

“मला एक जाकीट हाय. त्यावर दुसरं कशाला?”

“ते थंडीचं हाय. हे पाण्याचं.”

“मला पाणी शिकवतीस व्हय? येरळेच्या डोहात पवलोय मी!”

“येरळेत? तिथं म्हसरं बसत्यात, आप्पा. पवतंय कोण?”

हरी फिसकन हसला आणि लगेच खोकल्यासारखं केलं. मिलिटरीच्या माणसाला तो काय सांगणार? वास्तविक नाव त्याची, सांगायचं काम त्याचं. पण त्यानं मान खाली घातली आणि इंजिन सुरू केलं.

मग उदयसिंहानं आपलं जाकीट काढलं. वडील बिनजाकिटाचे बसलेत आणि आपण घालून बसायचं, हे त्याला शोभेना. ते बघून रेश्माचाही हात चापाकडं गेला. माझ्यामुळं तिचा पदर डोक्यावरून सारखा घसरत होता आणि समोर सासरा बसलेला.

“मम्मी, काढू नको.”

“आगं, मामांच्या समोर बरं दिसतंय का?” सासऱ्याला ती मामा म्हणायची. तिनं मला काढलं, घडी घातली आणि बुडाखाली घेतलं.

नाव निघाली. दोन्ही बाजूंनी डोंगर तरंगत चालले होते. पाण्यात आभाळ, आभाळात एक घार, आणि इंजिनाचा आवाज झोपेत ऐकू यावा तसा. रेश्मा हात पाण्यात बुडवून बोटांमधून निघणाऱ्या रेघा बघत होती. तिच्याखाली चेपून मीही डुलायला लागलो. आता वाटतं, त्या पाण्याला आमची सगळ्यांची झोप हवी होती.

समोरून दुसरी नाव आली, भरधाव. तिच्यातून कुणीतरी ओरडलं, “रामराम सुभेदाऽर!”

आप्पासोंच्या शेजारच्या मळ्यातले लालासाहेब. तेही सहलीला आलेले.

बसल्या जागेवरून रामराम घालतील तर ते आप्पासो कसले! ताडकन उभे राहिले आणि दोन्ही हात जोडले. वडील उभे, म्हणून उदयसिंह उभा राहिला. सासरा आणि नवरा उभे असताना आपण कसं बसायचं, म्हणून रेश्माही पदर सावरत उठली. घरात तिनं हे हजारदा केलं असेल. घराची जमीन हलत नाही.

लालासाहेबांच्या नावेची लाट आमच्यावर येऊन आदळली. नाव कलली. रेश्मा पाण्यात गेली. तिच्या पायाला अडकून मीही गेलो.

हिरवं पाणी. वर सूर्य विरघळलेला. सगळं स्वप्नातल्यासारखं होतं, फक्त माझ्या आत कुणी नव्हतं. मी एकटाच वर येत होतो आणि ती खाली चालली होती. मग तिच्या बोटांना माझा एक पट्टा लागला. मी ताणलो, चेपल्या फोमात होता नव्हता तेवढा जीव गोळा केला, आणि तिचं तोंड पाण्यावर आलं.

वर नाव हेलकावत होती. आप्पासो अजून उभेच, “सुनबाई! सुनबाई!” करत एकाच काठावर वाकलेले. नाव पुन्हा कलली.

“बसा खाली!” साक्षी ओरडली. “आप्पा, बसा म्हणते न्हवं! पप्पा, तुमी बी बसा, तुमाला तरी कुठं पवता येतंय!”

त्या घरात आप्पासोंना ‘बसा’ असं दरडावून कुणी म्हटलं नसेल. ते बसले. नाव सावरली. हरीनं इंजिन बंद करून वल्हं पुढं केलं, रेश्मानं ते धरलं, आणि साक्षीनं तिला माझ्यासकट वर ओढलं.

आप्पासो हरीला म्हणाले, “असली हलकी नाव ठेवतोस व्हय रं?”

रेश्मानं मला ओल्या साडीवर चढवलं आणि चाप स्वतःच्या हातानं लावले. पदर पाठीवर पडला होता, तो तिनं उचलला नाही.

काठ आला. आप्पासो उठले. पाठोपाठ उदयसिंह उठला. रेश्मा बसून राहिली.

“उठ की, पोचलो,” उदयसिंह म्हणाला.

“मामांना उतरू द्या आधी. मग तुमी. मग मी.”

आप्पासोंनी तिच्याकडं वळून पाहिलं. तिनं नजर खाली घेतली नाही. ते गुपचूप उतरले.

आता मी दोरीवर वाळतोय. एका चापाचा दात मोडलाय, फोम अजून जड आहे. हरी उद्यापासून सुधारेल असं मला वाटत नाही. म्हणून तुम्हालाच सांगतो. मला अंगात घाला. चाप सैल असेल तर हरीशी भांडा. घरात कुणी थोरलं असेल तर त्याला आधी घाला, तो नको म्हणेल तेव्हा नाव काठालाच थांबवा. आणि मधल्या पाण्यात ओळखीचं कुणी भेटलंच, तर रामराम बसून घाला. पाण्यावरून तो चांगला ऐकू जातो.