झाकणावरचा विस्तव

बाबासोंनी ते भांडं पोत्यात गुंडाळून रिक्षानं आणलं, तेव्हा गडमुडशिंगीच्या मळ्यात आंब्याखाली चूल आधीच पेटलेली होती. भांडं उतरवायला दोघं लागले. बिडाचं, काळंभोर, खाली तीन आखूड पाय आणि झाकणाला परातीसारखा उभा काठ. गुंडूनं पोतं बाजूला केलं, भांड्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं की हे शिजवायचं आहे का ह्यात शिजवायचं आहे.

बाबासो सांगू लागले. त्यांची मुलगी स्नेहल एका फौंड्रीच्या ऑफिसात होती आणि तिथून अशी भांडी परदेशी जात. डच ओव्हन म्हणतात. उघड्यावर स्वयंपाक करायला. थोडा विस्तव खाली ठेवायचा आणि जास्तीचा झाकणावर, म्हणजे आतली वाफ आत राहते. तिकडचे लोक ह्यात मांससुद्धा शिजवतात.

"डच म्हंजे कुठलं?" गुंडूनं विचारलं.

"हॉलंडचं."

"मग त्येला रस्सा काय कळतोय."

सगळे हसले, बाबासोही हसले. त्यांना उत्तर सुचलं नव्हतं असं नाही, पण सुचलेलं उत्तर बरोबर आहे की नाही हे ठरेपर्यंत बोलणं पुढं निघून जाई. आयुष्यभर हे असंच होत आलं होतं.

हे रस्सा मंडळ म्हणजे काही फलक लावलेली संस्था नव्हे. वारणानगरच्या कॉलनीत एकेकाळी शेजारी राहिलेली चारपाच माणसं निवृत्त होऊन आपापल्या गावी पांगली, तरी महिन्यातून एका रविवारी आण्णांच्या मळ्यात जमत, मटण शिजवत, वाट्या भरभरून रस्सा पीत आणि दुपारी झाडाखाली आडवी होत. मटण आणायचं गुंडूनं. आण्णांचा पुतण्या यशराज वडलांच्या जागी यायला लागला होता, त्यानं लाकडं, पाणी आणि पत्त्यांचा जोड बघायचा. बाबासो कॉलेजच्या ग्रंथालयात होते, म्हणून त्यांचं नावच 'लायब्ररी' पडलं होतं. त्यांच्याकडं कांदा आणि लसूण. कांदा केवढा चिरू, असं ते दर वेळी विचारत आणि दर वेळी तेच उत्तर मिळवत.

चूल मात्र आण्णांची. मटणाला हळद-मीठ लावून पाण्यात उकळलं की जे पाणी उतरतं, त्याला इकडं अळणी म्हणतात. नावाला अळणी, मीठ त्यात असतंच. ते अळणी आधी आण्णांनी ओंजळीत घेऊन चाखायचं, डोळे मिटायचे आणि मान हलवायची. ती मान हलल्याशिवाय कुणी वाटीला हात लावत नसे. ह्याला 'मीठ बघणं' म्हणत. लग्नात अक्षता पडल्याशिवाय जेवण नाही, तसंच हे.

आणि आण्णांच्या जिभेला आता चवच उरलेली नव्हती.

हे फक्त बाबासोंना माहीत होतं, आणि तेही आण्णांनी सांगितलेलं नव्हतं. दिवाळीनंतर दोघं गावातल्या स्टँडजवळ चहा प्यायला बसले होते. बाबासोंना साखरेचा आजार, म्हणून त्यांचा चहा बिनसाखरेचा. चहावाल्यानं कप अदलाबदल केले. बाबासोंनी पहिल्याच घोटाला कप खाली ठेवला आणि बघितलं, तर आण्णा तो फिका चहा मिटक्या मारत संपवत होते. वर म्हणाले, आज ह्यानं साखर जरा हात सोडूनच टाकली. बाबासोंनी कप बदलला नाही, काही बोललेही नाहीत. गोड चहा तसाच पिऊन घरी गेले आणि दिवसभर त्याच विचारात राहिले. पावसाळ्यात आण्णांना मोठा ताप येऊन गेला होता. त्यानंतरच हे झालं असावं. चिमणाबाईंनासुद्धा, म्हणजे आण्णांच्या बायकोलासुद्धा, त्यांनी सांगितलं नसावं. सांगितलं असतं तर त्यांच्या घरातनं ही गोष्ट शेजारी जायला वेळ लागला नसता.

मग एका रविवारी अळणी खरंच अळणी निघालं. आण्णांनी डोळे मिटून मान हलवली होती. सगळ्यांनी चाखलं, एकमेकांकडं बघितलं आणि गुपचूप मीठ वरून घेतलं. पुढच्या महिन्यात त्याच्या उलट झालं, इतकं खारट की गुंडू म्हणाला, समुद्र बघायला रत्नागिरीला कशाला जायचं. त्याच्या पोटात काही नव्हतं, तो सगळ्यांनाच असं बोले. पण यशराजनं धागा पकडला. पुढच्या वेळेपासून हॉटेलातनं तयार मागवू, काकांना ह्या वयात धुराचा त्रास कशाला. त्याच्या बोलण्यात मायाच होती. शेवटी अजून एक खेप चुलीवर करून बघायचं ठरलं. आण्णा ताटातलं हाड चोखत राहिले. जाताना बाबासोंना एवढंच म्हणाले, "चूल न्हाय तर मी न्हाय. आयतं गिळायला मी येणार न्हाय, बाबासो."

आण्णा आले नाहीत तर मळा राहील, आंबा राहील, पण मंडळ राहणार नाही. आणि चिडून घरी बसलेला म्हातारा माणूस किती लवकर खचतो, हे बाबासोंनी कॉलनीत बघितलं होतं. त्यांना रात्री झोप लागेना.

असल्या विचारात असतानाच स्नेहलनं ते भांडं घरी आणलं. काठावर बारीकसा खड्डा राहिला होता म्हणून परदेशी जाण्यातनं बाजूला पडलेलं. सोबत एक पत्रक होतं. बाबासो कुठलंही छापील अक्षर वाचल्याशिवाय सोडत नसत. त्यात एका ठिकाणी ठळक लिहिलं होतं: शिजेपर्यंत झाकण उघडू नये. बाबासोंनी ते वाक्य दोनदा वाचलं. झाकण उघडायचं नाही म्हणजे मध्ये कुणी चाखायचं नाही. चाखायचं नाही म्हणजे मीठ बघायचा प्रश्नच येत नाही. मीठ आधीच मोजून घालायचं, चूल आण्णांकडंच राहील, आणि कुणाला काही कळणार नाही.

त्यांनी गच्चीवर एकदा अर्धा किलो मटण करून बघितलं. बरं झालं होतं. स्नेहल म्हणाली, छान झालंय बाबा, पण ती त्यांनी केलेल्या कशालाही छानच म्हणे. त्यावरून हिशेब मांडून त्यांनी आजच्या मटणाचं मीठ पुडीत बांधून आणलं होतं. पुडी खिशात होती आणि हात सारखा खिशाकडं जात होता.

आता त्यांनी घसा साफ केला आणि नियम सांगितला. एकदा झाकण बसलं की शिजेपर्यंत उघडायचं नाही. उघडलं तर वाफ जाते आणि वरची राख आत पडते. गुंडूला हे पटलं नाही. मटण शिजताना झाकण उघडून बघायचं नाही, म्हणजे लग्न झालं तरी बायकोचं तोंड बघायचं नाही असलं झालं. पण आण्णा लगेच म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. लायब्ररी एवढं वाचून आलाय. करू त्याच्या पद्धतीनं."

ते इतक्या चटकन म्हणाले की बाबासोंना वाटलं, ह्यांनाही सुटल्यासारखं झालं.

कांदा, लसूण, खोबरं परतून झालं. चिमणाबाईंच्या हातची चटणी पडली, तिखट नाकात गेलं, यशराज दोनदा शिंकला. आण्णांनी परातीतलं मटण भांड्यात ढकललं. बाबासोंनी पुडी सोडून मीठ टाकलं, गरम पाणी ओतलं. भांडं निम्मंअधिक भरलं. सांडशीनं झाकण बसवलं आणि आण्णांनी बाभळीचे निखारे फावड्यानं उचलून झाकणाच्या काठाआड रचले. गुंडू म्हणाला, गडी डोक्यावर शेगडी घेऊन बसलाय.

मग बाकीचे पलीकडच्या बांधावर पत्ते खेळायला गेले. बाबासो परात धुवायला नळावर गेले. परातीच्या कडेला हळदीचं पिवळं पाणी राहिलं होतं आणि त्यात पांढरे खडे विरघळत होते. त्यांनी बोट लावून जिभेला लावलं.

मीठ. आण्णांनी सकाळी मटणाला हळद लावताना सवयीनं मूठभर मीठही चोळलं होतं.

बाबासो परात हातात धरून तसेच उभे राहिले. खरं तर हे त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं. हळद-मीठ हा शब्दच इकडं एका दमात म्हणतात. नुसती हळद लावलेलं मटण कोल्हापुरात कुणी बघितलंय? गच्चीवर त्यांनी पत्रकाप्रमाणं केलं होतं, आणि पत्रकात हळदही नव्हती. आता आत दुप्पट मीठ होतं, वर विस्तव होता, आणि झाकण उघडायचं नाही हा नियम त्यांचा त्यांनीच घातला होता.

गप्प बसलं तर ताटात खारट मटण पडणार, मीठ तिसऱ्यांदा चुकणार, आणि ह्यावेळी यशराज ऐकणार नाही. बोललं तर का उघडायचं, कुणी चाखायचं, सगळंच निघणार. चूक माझी आहे असं म्हणता येईल, आणि ती होतीही. पण मग आण्णा चाखून बघायला पुढं होणार, डोळे मिटणार, मान हलवणार.

चुलीपाशी कुणी नव्हतं. आण्णा आंब्याच्या बुंध्याला टेकून डोळे मिटून बसले होते. बाबासोंनी सांडशी घेतली. झाकण त्यांच्या अंदाजापेक्षा जड होतं. ते उचलताना एका बाजूला कललं. दोन निखारे मातीवर पडले आणि राखेची एक धार सरळ रश्श्यात गेली. त्यांनी झाकण कसंबसं दगडावर टेकलं, पळी बुडवली, फुंकर मारली, चाखलं. जीभ आखडली.

"काय बघतोस?"

आण्णा उठून मागं उभे होते.

बाबासोंच्या मनात तीनचार उत्तरं आली. शिजलंय का ते बघत होतो. पाणी आटलं का ते. राख पडली म्हणून. प्रत्येक उत्तर चालण्यासारखं होतं.

"मीठ," ते म्हणाले.

आण्णा भांड्यातल्या राखेकडं बघत राहिले. पलीकडं कुणीतरी पान हुकलं म्हणून यशराजला शिव्या घालत होतं.

"कधीपासनं ठावं हाय तुला?"

"चहाच्या दिवसापासून. कप बदलले होते."

"आणि म्हणून ह्यो लोखंडाचा दगड आणलास व्हय इथवर."

"बीड आहे," बाबासो म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांना वाटलं, हे आत्ता सांगायची काही गरज नव्हती.

आण्णांच्या गालाला किंचित सुरकुती पडली. ते चुलीपाशी उकिडवे बसले आणि पळीनं राख कडेकडेनं काढू लागले. त्या हातात घाई नव्हती. राख निघाल्यावर त्यांनी पळी भरली, तळहाताकडं नेली आणि मध्येच थांबवली.

"जास्त हाय का कमी?"

इतक्या वर्षांत आण्णांनी हा प्रश्न कुणाला विचारलेला नव्हता. बाबासोंना वाटलं, थोडं सावरून सांगावं. पण सावरून सांगितलेलं मीठ काय कामाचं.

"जास्त आहे. खूप."

"दोघांनी घातलं."

"हो."

"मग दोघांनी काढू," आण्णा म्हणाले.

पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. पांढऱ्या रश्श्यासाठी काढून ठेवलेलं नारळाचं दूध त्यांनी जवळ ओढलं. बटाटे सोलायला बाबासोंना दिले, तेव्हा केवढे चिरू, असं बाबासोंनी विचारलं आणि आण्णांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. बटाटे गेले, दूध गेलं, एक तांब्या गरम पाणी गेलं. झाकण परत बसलं. वर निखारे ठेवायचे का, असं आण्णांनी विचारलं. बाबासोंना पत्रकात ह्याबद्दल काही वाचल्याचं आठवेना. ठेवा, ते म्हणाले.

वासानं बाकीचे आपोआप आले. आण्णांनी झाकण उचललं, एक कणही न सांडता. रस्सा लालसर, वर तेलाचा तवंग, बटाटे बघून गुंडूचं तोंड वाकडं. वाट्या पुढं झाल्या आणि नेहमीप्रमाणं थांबल्या. सगळे आण्णांच्या ओंजळीची वाट बघत होते. यशराज जास्तच बारकाईनं बघत होता.

आण्णांनी पळी भरून बाबासोंपुढं धरली.

"मीठ ह्यो बघणार," ते म्हणाले. "तापानं माझी जीभ गेली. मला आता गूळ आणि माती सारखंच हाय. चूल मी करणार, मीठ लायब्ररी बघणार. कुणाला जमत नसंल त्यानं हॉटेलात जावं."

यशराजनं काका म्हणून एक पाऊल पुढं टाकलं आणि तिथंच थांबला. गुंडू मान खाली घालून वाटी पुसत राहिला. ती पुसलेलीच होती.

बाबासोंनी ओंजळ पुढं केली. रस्सा पोळत होता. त्यांनी चाखला, गिळला आणि परत ओंजळ केली. पहिल्यांदा ठीक वाटला, दुसऱ्यांदा नाही. की पहिल्यांदाच नाही? एवढी माणसं उभी असताना त्यांनी आजवर कशाबद्दलच छातीठोक काही सांगितलेलं नव्हतं.

"लवकर सांगा की राव," गुंडू हळूच म्हणाला. "भाकऱ्या गार व्हायला लागल्यात."

बाबासोंनी तिसऱ्यांदा चाखलं.

"अजून एक तांब्या पाणी," ते म्हणाले.

गुंडू पुटपुटला की आता काय अंघोळ घालणार काय मटणाला. आण्णांनी मात्र बाबासोंच्या तोंडाकडंही बघितलं नाही. त्यांनी तांब्या उचलला आणि भांड्यात रिता केला.