हात थांबला की नापास

कंपनीत वाक्य पास करायची एकच पद्धत होती. तीन भाषांचे तीन श्रोते हातात काहीतरी काम घेऊन बसत. एक काकू विणायच्या, एक काका मणी ओवायचे आणि एक बाई कागदी पिशव्या चिकटवायच्या. स्पीकरवरून वाक्य ऐकवायचं. कुणाचा हात थांबला की वाक्य नापास, कारण ते कानाला खटकलं, म्हणजे तसं कुणी बोलत नाही. हात चालू राहिला की पास. लिफ्टमधल्या, दुकानांतल्या, दवाखान्यांतल्या सूचना अशा तयार होत, आणि त्या यंत्राने नव्हे, शेजारणीने सांगितल्यासारख्या वाटत.

पद्धत मालकांची. ते पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. हातांवर नजर ठेवायचं काम मोजपट्टीचं. विज्ञानाची पदवी घेऊन आलेली ही मुलगी चहासुद्धा मोजून पिते, असं काकूंचं म्हणणं. नाव तिथूनच पडलं.

या वेळी काम होतं वृद्धनिवासाचं: आग लागली तर वाजायची सूचना. मोजपट्टीचा मामा तिथेच वरच्या मजल्यावर राहायचा. तिन्ही भाषांतली वाक्यं पहिल्या फटक्यात पास झाली. काकूंची सुई अडखळलीसुद्धा नाही. मास्तर खूश. मोजपट्टीला मात्र चैन पडेना. काहीतरी चुकत होतं, आणि काय ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं.

सरावाच्या दिवशी ती मामाच्या खोलीत जाऊन बसली. मामा आरशासमोर दाढी करत होता. भिंतीवरून आवाज आला, “इमारतीत आग लागली आहे. कृपया सर्वांनी जिन्याने खाली उतरावे.”

वस्तरा चालूच राहिला.

“मामा, ऐकलंस का?”

“ऐकलं की. गोड बोलते बिचारी. दिवसभर काही ना काही सांगत असते.”

“आत्ता काय सांगितलं?”

“आता ते कोण लक्षात ठेवतंय? जेवायला बोलावत असेल.”

ती तशीच कंपनीत परतली.

“सर, आपण उलटं मोजलं,” ती दारातूनच म्हणाली. “कानावर आदळायला हवं ते आपण इतकं गुळगुळीत केलं की कानावरून घसरून जातंय.”

“वाकडीतिकडी वाक्यं द्यायची का मग? लोक म्हणतील, यांना धड बोलता येत नाही.”

“म्हणू देत ना! पण उठून म्हणतील.”

“तुझा मामा आहे तिथे, म्हणून एवढी धावपळ.”

“आहेच. तो दाढी करत बसला होता, सर.”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “उद्या दुपारी पुन्हा सराव मागून घेतो. तो झाला की सूचनेचं यंत्र कायमचं सुरू करायचंय. त्याआधी काय गोंधळ घालायचा तो घाल.”

मग उलटी परीक्षा सुरू झाली: हात थांबला तरच पास. “उतरा खाली! लागलीय आग!” असं क्रियापद पुढे आणून ऐकवल्याबरोबर काकूंचा टाका सुटला. “अगं बाई, केवढ्याने दचकवलंस!” मोजपट्टीने हीच युक्ती मणीवाल्या काकांवर केली, तर त्यांनी शांतपणे पुढचा मणी ओवला. त्यांच्या भाषेत क्रियापद एरवीही सगळ्यांच्या आधी येऊन बसतं. त्याचं कुणाला काय कौतुक? तिथे ‘जिना’ उचलून पुढे आणला, तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली.

पिशव्यावाल्या बाई मात्र कशाला म्हणून बधेनात. आग पुढे, आग मागे, जिना मध्ये; त्यांचा ब्रश आपला सरसर.

“आमच्यात कुठलाही शब्द कुठेही चालतो गं पोरी. पसरलेलं घर आहे आमचं.”

मोजपट्टी उठे, बसे, नखं कुरतडे. शेवटी वैतागून तिने शेवटचा शब्दच काढून टाकला. अर्धवट वाक्य वाजलं आणि ब्रश हवेत तसाच राहिला. पास!

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अंगणात मास्तरांशेजारी उभी राहिली. तिन्ही भाषा वाजल्या. जिन्यातून चपलांचा फटफटाट ऐकू आला आणि सगळ्यांच्या पुढे मामा, रागाने लाल झालेला.

“कोण आहे ती उद्धट बाई? माझ्या खोलीत माझ्यावर ओरडते? कुठे करायची तक्रार?”

“माझ्याकडे कर!” म्हणत ती हसायला लागली. हसता हसताच तिने माणसं मोजली. एक कमी भरत होतं: मामाच्या शेजारच्या खोलीतला म्हातारा.

“तुझा शेजारी कुठाय, मामा?”

“घड्याळजी? माझ्या मागेच असेल की.”

नव्हता. पिशव्यावाल्या बाईंची भाषा बोलणारा इमारतीत तो एकटाच. ती दोन-दोन पायऱ्या चढत धावली.

म्हातारा खाटेच्या कडेवर बसला होता. बूट घातलेले, काठी हातात, मान भिंतीकडे कललेली. तिला पाहून त्याने ओठांवर बोट ठेवलं.

“काका, चला!”

“थांब जरा. बाईंचं बोलणं अजून पुरं झालं नाही,” तो अडखळत, तिला कळेल अशा भाषेत म्हणाला. “अर्ध्यावर उठून जाणं बरं दिसत नाही.”

हात थांबला होता खरा, पण त्याबरोबर पायही थांबले होते. तिने त्याला दंडाला धरून उठवलं. जिना उतरताना तो एकेक पायरी चाचपत होता, आणि मध्येच थांबून विचारत होता, “पण काय म्हणायचं होतं त्यांना?”

जिन्याच्या खिडकीतून खाली मास्तर दिसले. हातात यंत्र सुरू करायच्या मंजुरीचा कागद होता, शेजारी यंत्रवाला माणूस उभा होता, आणि मास्तर पेनाचं टोपण काढत होते.

“सर!” ती खिडकीतून ओरडली. “सही करू नका! अजून एकजण आत आहे!”