न उमटलेला ठसा

"आधी तारीख बघ. मग सरळ धर, दाब, आणि श्वास सोडल्याशिवाय उचलू नकोस. तारीख फिसकटली की माणसाचा शब्द फिसकटतो, पोरी."

पोस्टमास्तर मात्फी आपल्या मुलीला, ओलिन्काला, हे शिकवत होते तेव्हा मी तिच्या हातात होतो. मात्फी आता नाहीत; कचेरी ओलिन्काच सांभाळते. त्यांचा आवाज मात्र माझ्या लाकडी मुठीत मुरून राहिला आहे.

मित्रांनो, मी एक जुना टपालाचा शिक्का आहे. दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पोलादाचं गोल तोंड आणि पोटात तारखेची फिरती चाकं. विमानाने मला अलास्कातल्या या नदीकाठच्या गावी आणून सोडलं आणि मी इथलाच झालो. इथे रस्ता येत नाही. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात बर्फावरची गाडी, आणि देवाच्या मनात असेल तेव्हा विमान.

सैन्यात गेलेल्या लेकरांसाठी सुकवलेल्या सॅमन माशांची खोकी जायची, त्यांवर मी उमटलो. लग्नाच्या पत्रांवर उमटलो, मरणाच्याही. मात्फी रोज संध्याकाळी मला मऊ फडक्याने पुसत आणि म्हणत, "आज खोटं बोलला नाहीस हं." याहून मोठी शाबासकी मला कधी मिळाली नाही. पुढे पत्रं आटली. जी उरली, त्यांवर शहरातलं यंत्र ठसे मारू लागलं. मी खणात पडून राहू लागलो. तोंडावरची शाई वाळून पापुद्रे धरू लागली.

एक दिवस तेवढा माझा होता. निवडणुकीचा.

आमच्या गावात मतदान केंद्र नाही. सगळे टपालाने मत देतात. पाकिटं बरीच आधी येतात, पण आधी पाठवील तर तो आमच्या गावचा कसला! मतदानाच्या दिवशीच सगळे चांगले कपडे घालून टपाल कचेरीत जमतात. चहा उकळतो, चरबीत रानबेरी फेटून केलेलं गोड वाटलं जातं, आणि एकेक जण पाकीट माझ्यापुढे सरकवतो. राज्याचा नियमच तसा होता. पाकिटावर त्या दिवसाची तारीख असली की ते मागाहून पोचलं तरी मत मोजायचं. धुक्यात विमान अडे, माझी तारीख अडत नसे.

नास्तासिया आजींचा या दिवसाचा नेम फार कडक. पहाटे देवाच्या तसबिरीपुढे दिवा लावायचा, आणि पाकिटावर ठसा उमटेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. त्यांच्या आईला एकदा मतदानाच्या टेबलावरून परत पाठवलं होतं. इंग्रजी येत नाही म्हणून. तो राज्याचाच नियम होता. पुढे संघराज्याच्या कायद्याने तो अडसर काढला, तेव्हा कुठे म्हातारीला मत देता आलं. आजी तेव्हा तिचा हात धरून उभ्या होत्या.

यंदा त्या दिवशी सकाळी चहा उकळत होता आणि रेडिओ बोलू लागला. दूर कुठल्याशा न्यायालयात वाद चालला होता. संघराज्याचा कायदा निवडणुकीला एकच दिवस ठरवून देतो. त्या दिवशी मत पाठवलं तर चालतं, की ते हाती पडायलाच हवं, हे अजून ठरायचं होतं. ज्यांना जमेल त्यांनी आज केंद्र बंद व्हायच्या आत पाकीट माळापलीकडच्या थोरल्या गावातल्या मतदान केंद्रावर पोचवावं, एवढं सांगून रेडिओ गाणी वाजवू लागला.

कुणी चहाला हात लावला नाही. बाहेर धुकं खिडकीला टेकलं होतं. विमान येणार नव्हतं.

"म्हणजे राज्य म्हणतं सावकाश जेवायला या, आणि संघराज्य म्हणतं दाराला कडी घातली!" वासिली म्हणाला. हा आजींच्या बहिणीचा नातू. त्याची थट्टा झोपेतही थांबत नाही असं गाव म्हणतं.

"वासिली, पुरे."

"मी कुठे थट्टा करतोय, आजी? ते करतायत."

ओलिन्काने मला उचललं, पण खाली टेकवलं नाही. "नीट ऐका. ठसा मारला की पाकीट टपालाचं झालं. ते पोत्यात जाणार आणि विमानाशिवाय हलणार नाही. राज्य मोजील, पण न्यायालय काय म्हणेल ते देव जाणे. ठसा नाही मारला तर हाताने नेता येईल. पण वाटेत अडकलं तर तारीखही नाही आणि पोचही नाही."

"दोन्ही घरचा पाहुणा उपाशी," वासिली पुटपुटला.

लोकांनी पाकिटं पुढे केली. इतकी वर्षं ज्याच्यावर विश्वास ठेवला, त्यालाच धरून राहिले ते. मी उमटत गेलो, पण पहिल्यांदाच मला माझ्या तारखेची भीती वाटत होती. मी खरं बोलत होतो, आणि ते पुरेल की नाही हे मला ठाऊक नव्हतं.

मग आजींचं पाकीट आलं. ओलिन्काने श्वास घेतला. आजींनी पाकिटावर तळवा ठेवला.

"थांब गं. माझ्या आईला एका नियमाने परत पाठवलं. मला दुसऱ्याने पाठवायला नको. वासिली, नेशील?"

"नदीवरचा बर्फ अजून कच्चा आहे, आजी."

"माळावरून जा, फेऱ्याने. माळ गोठलाय."

"मधे ओढा आहे."

"तिथे गाडीवरून उतर, काठीने बर्फ ठोकून बघ. फुटका वाटला तर सरळ माघारी ये. मत पुढच्या खेपेला पुन्हा येईल. तू नाही येणार."

"बरं."

"बरं नको. वचन दे."

"केंद्र बंद व्हायच्या आत पोचवतो. आणि ओढ्यावर उतरतो. दोन्ही वचनं."

ओलिन्काने मला ओल्या तोंडाने शाईच्या डबीवर ठेवून दिलं. मित्रांनो, आयुष्यभर उमटण्यासाठी तळमळलो मी. त्या सकाळी मात्र मला न उमटण्यातच सेवा करायची होती, आणि ती मला जड गेली.

तुम्ही आपल्या जुन्या वस्तू पुसून जपून ठेवाल, ठाऊक आहे मला. पण उद्या मोठे होऊन नियम कराल, तेव्हा आपसातलं भांडण आधी मिटवा आणि पानं मग मांडा. नाहीतर पाटावर बसलेलं माणूस हात धुऊन वाट बघत राहतं.

आजी अजून उपाशीच आहेत, ठसा उमटला नाही ना. चहाचा पेला समोर निवतो आहे. वासिलीने पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि कातडी अंगरख्याच्या आत, छातीशी ठेवलं. भिंतीला टेकवलेली बर्फ ठोकायची काठी घेतली. दारात तो वळला. आता काहीतरी थट्टेचं बोलणार म्हणून सगळ्यांनी माना वर केल्या. त्याने फक्त छातीवरचं पाकीट एकदा चाचपलं. दार हलकेच लावून घेतलं, आणि धुक्यात त्याच्या गाडीचा आवाज माळाच्या दिशेने जाऊ लागला.