जुमादिलचा विलाप

नारिन शहराला जाणाऱ्या व्हॅनमध्ये बुरमाकान डोळे मिटून बसली होती, तेवढ्यात शेजारच्या पोरीच्या मोबाइलमधून तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. गाण्याच्या तळाशी कुणीतरी ढोल बडवत होतं आणि वर तिचा हुंदका, तोच तोच, दोरीत पाय अडकलेल्या शेळीसारखा.

"बंद कर ते!"

पोरगी दचकली. आयजान तिचं नाव. मांडीवर बहिणीच्या लग्नाच्या पोशाखाचं खोकं होतं. "आपा, उद्या ताईची पाठवणी. निघताना आईनं विलाप गायचा असतो ना, पण आमच्या आईला कुठं येतोय! म्हणून हा शोधला. लाखो लोकांनी ऐकलाय."

बुरमाकानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विलाप दोनदाच गातात, मुलगी सासरी जाताना आणि माणूस मातीत जाताना. 'पांढरी राहुटी आता रिकामी, चुलीला ओळख कुणाची', ही ओळ दोन्हीकडे चालते. तिथेच पोर फसली. पुढे तिच्या नवऱ्याचं, जुमादिलचं नाव होतं, त्याला कुणीतरी कात्री लावली होती.

"तो माझा आवाज आहे. माझा नवरा गेला तेव्हाचा."

ड्रायव्हर आरशातून हसला. "असं होय! मग गाऊन दाखवा की आपा."

दारात मयत नसताना नवऱ्याचा विलाप गाणं म्हणजे दुसरं मयत मागणं. इथल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. मयताच्या दिवशी दारी आलेल्या त्या कॅमेरावाल्या परदेशी फिरस्त्याला कळलं नाही आणि त्यानं विचारलंही नाही. अंगणातल्या राहुटीत जुमादिलचा देह होता आणि ती रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून गात होती. तो कॅमेरा चालू ठेवून मागून आत शिरला. दारी आलेला पाहुणा म्हणून कुणी हटकलं नाही, उलट चहा-पाव पुढे केला. मेल्यानं खाल्ल्या घरचे वासे मोजले.

"मूळ व्हिडिओ काढ," ती म्हणाली. "बाई पाठमोरी असेल. शेजारी त्याचं खोगीर. पाय ठेवायची एक रिकीब तारेनं बांधलेली."

आयजाननं शोधून काढला. खोगीर होतं. तारही होती. तिनं मोबाइल उपडा ठेवला आणि ड्रायव्हरची बत्तिशी मिटली.

"मला माहीत नव्हतं, आपा. पुसून टाकते."

"तुझ्या मोबाइलमधून पुसशील गं. त्या लाखांचं काय? वाजवा लग्नात! नाचा माझ्या नवऱ्याच्या मढ्यावर!"

आयजान मुसमुसायला लागली. आता ताई विलापाशिवायच जाणार. बुरमाकान खिडकीबाहेर बघत राहिली. राग तसूभरही उतरला नव्हता, पण त्या नवरीनं तिचं काय वाकडं केलं होतं?

"डोळे पूस," ती करवादली. "नवरीचा विलाप वेगळा असतो. एकदाच म्हणेन. कान दे."

तिनं हलक्या आवाजात सूर धरला. 'मी पाजलेल्या कोकरा, परक्या कुरणात जपून चर.' कितीतरी दिवसांनी गळा मोकळा होत होता, आणि तिला ते बरं वाटलं.

ओळ संपताना तिची नजर खाली गेली. मोबाइल सुलटा झाला होता. कोपऱ्यात रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लुकलुकत होता.

ती थांबली.

"पुढची ओळ, आपा?"

"पुढची तुझ्या आईच्या पोटात शोध. नाही सापडली तर दोघी गप्प बसून रडा. पण रडा तुमचं तुम्ही."