स्वयंपाकघरात कोणीतरी पडलं आहे

अण्णांनी उभा जन्म लोकांचे फोटो काढण्यात घालवला होता. तरीही लेकीने घरात कॅमेरा बसवायचा विषय काढला, तेव्हा त्यांनी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही.

“मी कुणाचा फोटो विचारल्याशिवाय काढला नाही. आणि माझ्याच घरात भिंतीवरून कोणीतरी माझ्याकडे टक लावून बसणार?”

“कोणीतरी म्हणजे मीच ना, अण्णा.”

“तू तर मुळीच नको. तू लहानपणापासून माझ्या चुका काढतेस.”

लेक हसली, पण काळजी सुटेना. आई गेल्यापासून अण्णा एकटेच राहत होते. कानांनी दगा दिला होता, गुडघे कुरकुरत होते. तिचं औषधांचं दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला. एकदा त्यांनी फोन उचलला नाही म्हणून ती दुकान तसंच टाकून धावत आली, तर अण्णा खुशाल घोरत पडलेले. काळजीपोटी ती त्यांच्यावरच चिडली आणि मग घरी जाऊन रडली.

मधला मार्ग तिच्या मैत्रिणीने काढला. मैत्रीण इंजिनिअर होती. तिने वहीएवढा एक पांढरा डबा आणून कपाटावर ठेवला आणि अण्णांच्या शेजारी बसून, मोठ्याने, शब्द तोडून समजावलं. घरातल्या इंटरनेटच्या यंत्रातून लहरी निघतात आणि सगळ्या खोल्यांत पसरतात. माणूस हलला की त्या हलतात, पाण्यात हात घातल्यावर पाणी हलतं तशा. डबा ते हलणं वाचतो. माणूस चालतोय, बसलाय की धाडकन पडलाय, एवढं त्याला कळतं.

“चेहरा?” अण्णांनी विचारलं.

“दिसत नाही.”

“बोलणं?”

“ऐकू येत नाही. सगळा हिशोब डब्यातच होतो आणि तिथेच पुसला जातो. बाहेर एकच निरोप जातो, कोणी पडलं तर. तोही तुमच्या लेकीला.”

“म्हणजे निगेटिव्हच नाही.”

“निगेटिव्हच नाही, तर प्रिंट कुठून निघणार?”

हे उत्तर अण्णांना पटलं. तरी जाताना त्यांनी तिला दारात गाठून हळूच विचारलं, “घरात कोण आलं, कोण गेलं, हे कळतं का हो त्याला?”

“तो ते कुणाला सांगत नाही,” ती म्हणाली, आणि पुढे काही विचारलं नाही.

विचारण्याचं कारण वरच्या मजल्यावर राहत होतं. निवृत्त नर्स. इमारतीतले सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. अण्णांच्या रक्तदाबाच्या निमित्ताने त्या एकदा खाली आल्या आणि मग निमित्ताची गरज उरली नाही. दुपारी दोघं चहा घेत, जुने फोटो चाळत, कधी कधी एकमेकांवर रुसत. लेकीला सांगायचं अण्णांच्या रोज मनात येई आणि रोज जीभ टाळ्याला चिकटे. या वयात काय म्हणेल ती?

डबा बसून काही महिने झाले असतील. एका दुपारी लेक दुकानात गिऱ्हाइकाला गोळ्या देत असताना तिच्या फोनवर निरोप आला: स्वयंपाकघरात कोणीतरी पडलं आहे. गोळ्या काउंटरवर तशाच टाकून तिने फोन लावला.

अण्णांनी लगेच उचलला. “बोल गं.”

“अण्णा, पडलात का?”

“मी? मी गॅलरीत बसलोय. पेपर वाचतोय.”

तिने सुटकेचा श्वास टाकला. “मग यंत्रच चुकलं. म्हणे स्वयंपाकघरात कोणीतरी पडलंय.”

‘हो, चुकलं असेल’ एवढं अण्णांनी म्हटलं असतं तर झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती.

“चुकलं नाही,” अण्णा म्हणाले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला, मग त्यांची घासत जाणारी पावलं. “अगं, सिस्टर आहेत. चहा ठेवायला गेल्या होत्या. मला काही ऐकूच आलं नाही. तू अँब्युलन्स बोलाव. आधी अँब्युलन्स, मग मला काय बोलायचं ते बोल.”

कोण सिस्टर, हे तिने विचारलं नाही. अँब्युलन्स बोलावली, पुन्हा अण्णांना फोन लावला आणि गाडी पोचेपर्यंत त्यांच्याशी बोलत राहिली. “गॅस बंद करा. त्यांना कुशीवर वळवा. पाणी पाजू नका.” ती म्हणेल ते अण्णा करत होते. मधेच ते ओरडले, “तोंड वाकडं झालंय गं त्यांचं.”

हॉस्पिटलात कळलं, सिस्टरांच्या मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने तुंबली होती. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. हे ऐकून अण्णांनी बाकावर बसून दोन्ही हात जोडून कपाळाशी नेले.

लेक शेजारी बसली. “कधीपासून?”

“बरेच दिवस. सांगणारच होतो.”

तिला राग आला होता, आईची आठवणही आली होती. पण तिथे बसल्या बसल्या तिच्या मनात दुसरंच काही आलं. तिच्या हट्टाने कॅमेरा बसला असता, तर तिने पहिल्याच आठवड्यात या दोघांचे चहाचे कप पाहिले असते. पाहून गप्प बसणारी ती नव्हे. बोलली असती, आणि सिस्टर पुन्हा खाली आल्या नसत्या. मग आज वरच्या मजल्यावर, बंद दाराआड, एकट्याच पडल्या असत्या. आपल्याला दिसलं नाही हे किती बरं झालं, असं तिला वाटलं, आणि तिने अण्णांचा हात हातात घेतला.

बाहेर येऊन तिने मैत्रिणीला फोन केला. “तुझे कसे आभार मानू?”

“माणूस वाचला ना? झालं तर मग.”

“दोन माणसं,” लेक म्हणाली.

सिस्टर घरी आल्या तेव्हा उजवा पाय अजून ओढला जात होता आणि शब्द जरा अडखळत होते. व्यायामासाठी जिन्यावर चढ-उतार करायला सांगितलं होतं. सुट्टीच्या दिवशी ते काम लेकीने स्वतःकडे घेतलं. जिन्याच्या वळणावर सिस्टर थांबल्या.

“माझा... राग नाही आला तुला?”

“आला होता थोडा. पण अण्णांनी इतक्या दिवसांत एकदाही जेवण चुकवलं नाही, गोळ्या चुकवल्या नाहीत. मला वाटायचं, माझ्या धाकाने.” तिने त्यांचा दंड नीट धरला. “आता बोलू नका, दम लागेल. डावा पाय आधी.”

“उजवा,” सिस्टर म्हणाल्या. “चढताना चांगला पाय आधी खरा, पण आता... आपण उतरतोय.”

खाली दारात उभे असलेले अण्णा हसले. त्यांना नेमकं हेच कसं ऐकू आलं, देव जाणे.