खो मिळाल्याशिवाय

“अगं ए रंगे, मान ठिव की जरा कांद्याला! पार बोडका करून टाकतीस. असला कांदा चाळीत आठ दिस तरी टिकंल का?” झुंबर वरडली.

रंगूनं हातातला कांदा बघितला. पात कापता कापता विळा खरंच लई खाली गेला होता. तिनं तो फुटक्या कांद्यांच्या ढिगात टाकला आणि दुसरा उचलला.

चैत्र सरत आला होता. वावर असं तापलेलं की चपलेतनं तळवा भाजावा. तीन बायका गोणपाटावर, डोक्यावर पदर घेऊन, कांद्याच्या ढिगाभोवती बसल्या होत्या. झुंबर त्या वावराची मालकीण. भिमा अंगणवाडीची बाई, पोरं घरी गेल्यावर हाताला हात म्हणून आलेली. आणि रंगू तर पाहुणी, देवळालीला दिलेली, सकाळीच एस.टी.नं माहेरी येऊन, भावाच्या घरी पिशवी टाकून इकडं आलेली. तिघी एका वर्गातल्या, एका बाकावरच्या आणि खो-खोच्या एका संघातल्या. चव्वेचाळीस वर्षांच्या झाल्या, दोघींना सुना आल्या, पण एकत्र बसल्या की अजून ‘अगं’ आणि ‘ए’च चालायचं.

रंगू आली होती ती लोंढे सरांच्या दहाव्याला. दहावा उद्या होता.

“सर पाटे पाटे आमच्या दारात यायचे, आठवतं का?” झुंबर म्हणाली. “माज्या बापाला म्हनायचे, ‘लक्ष्मन, पोरीला ग्राउंडवर सोड, तुज्या म्हशीची धार मी काडतो.’ आन एक दिस बसले की खरंच! म्हशीनं लाथ घातली, बादली तिकडं, सर तिकडं. धोतार सावरत उटले आन म्हनले, ‘हिला बी संघात घेऊ, पाय चांगला चालतोय.’”

तिघी हसल्या. भिमाला तर ठसका लागला.

“आमच्या वस्तीवर घरात यून बसलेला पयला मास्तर त्यो,” भिमा म्हणाली. “आईनं भीत भीत च्या दिला. प्याले, आन कपबशी सोता इसळून ठिवली. आई म्हनली, जा भिमे, ह्या मान्सामागं कुटं बी जा.”

“आन गूळ-हरबरं! खिसा सदा फुगल्याला.”

“आन खो बारीक दिला की?” झुंबरनं सरांसारखा आवाज काढला. “‘पार त्या खांबापाशी आयकू गेला पायजेल! असला मिनमिना खो देनारीनं घरी जाऊन दिवा लावावा!’”

“आन चौकात बसलेलीनं खो मिळाल्याबिगर उटायचं न्हाई,” भिमा म्हणाली. “‘मागून कोनी तरी खो देईल, तवर दम खायचा. आपल्या मनानं उटली की फाऊल!’”

ह्यावर रंगू हसली नाही. तिचा हात आपसूक उजव्या गुडघ्यावर गेला. श्रीरामपूरला जिल्ह्याच्या फायनलला तिनं खांबावर सूर मारला होता, गडी बाद केला होता, आणि गुडघा फोडून घेतला होता. एका गुणानं जिंकल्या पोरी. सरांनी धोतराचा सोगा फाडून गुडघा बांधला, तेव्हा तिच्यापेक्षा जास्त तेच रडत होते. तो गुडघा अजून उठता-बसता कट्कन वाजायचा.

आता पुढचं सांगायलाच पाहिजे, त्याशिवाय रंगू का हसली नाही ते कळायचं नाही.

जिल्हा जिंकला तेव्हा पोरी दहावीला होत्या. पुढचे सामने पुण्याला, चार दिवसांचा मुक्काम. आणि इकडं रंगूच्या थोरल्या भावानं, आप्पासाहेबानं, तिचं लगीन ठरवलेलं. पोरीला सोळावं सरलं नव्हतं. सर तीनदा घरी येऊन ओटीवर बसले. पहिल्यांदा हात जोडले, दुसऱ्यांदा पाया पडायचे बाकी राहिले, आणि तिसऱ्यांदा म्हणाले, “पोरगी कायद्यानं लहान हाय. लगीन थांबवा, न्हाईतर मला तक्रार करावी लागंल.” झालं! आप्पासाहेब पेटला. दुसऱ्या दिवशी गावभर उठलं की मास्तराला त्या पोरीचा एवढा पुळका येतो तो काही उगीच नाही. खो देताना पाठीवर हात टाकून शिकवतो, गुडघे बांधतो, काय न् काय!

मारुतीच्या पारावर गाव जमलं. सर एका बाजूला उभे. रंगूला मधी उभी केली. घरून निघताना भाऊ कानात बोलला होता, “तोंड उगडलंस तर लगीन मोडंल, आन लगीन मोडलं तर आई हिरीत उडी घील.” आणि आई शेजारीच उभी होती, तिनं ‘नाही’ म्हटलं नव्हतं.

एका म्हाताऱ्यानं विचारलं, “पोरी, मास्तरानं तुला कदी वंगाळ हात लावला का?”

रंगूनं मान खाली घातली. एवढंच केलं तिनं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

“लाजती पोरगी. म्हंजी हाये कायतरी,” म्हातारा बोलला, आणि गावानं तेच धरलं. त्याच सांजेला सरांकडनं राजीनामा लिहून घेतला. पंधराव्या दिवशी रंगूच्या अंगाला हळद लागली. संघ पुण्याला गेला नाही, आणि त्यानंतर आजपर्यंत त्या शाळेतनं पोरींचा संघ निघाला नाही. कुठला बाप सोडंल? सर मात्र गाव सोडून गेले नाहीत. अठ्ठावीस वर्षं डेअरीवर लोकांचं दूध मापत बसले. मोठ्या घरच्या बाया दूध घालायला पोरीला पाठवायच्या नाहीत, स्वतः यायच्या आणि कॅन लांबनं पुढं सरकवायच्या.

“मला एकदा भेटले हुते,” रंगू एकाएकी म्हणाली. “देवळालीच्या बाजारात. थोरला माज्या कडंवर हुता. जवळ आले न्हाईत, लांबनंच म्हनले, ‘रंगू, गुडगा बरा हाय का गं?’ सासू संगं हुती. मी पदर वडला आन फुडं निगाले. वळून बी बघितलं न्हाई.”

विळे तेवढे चालू राहिले.

“उंद्या कावळा शिवायचा न्हाई,” मग झुंबर म्हणाली. “समदं गाव तेच म्हनतंय. एवडा डाग घिऊन गेल्याला मानूस, जीव अडकनारच.”

“तेवड्यासाटीच आलीया मी,” रंगू म्हणाली. “कावळा शिवंना झाला की लोक कबूल करत्यात न्हवं, बायकूला सांबाळू, लेकीकडं बघू म्हनून? तवा मी उटनार. समद्यांदेकत सांगनार, सर निर्मळ हुते.”

“आन आप्पासायेब?”

“कावळा शिवत न्हाई म्हनल्यावर कोन काय बोलनार? मेलेल्यासाटी बोललेलं चालतं.”

भिमानं विळा खाली ठेवला. “आमच्यात न्हाई बाई कावळा-बिवळा. पर मला सांग, आन शिवला तर?”

“शिवायचा न्हाई!” रंगू एवढ्या जोरात म्हणाली की पलीकडं वैरण खाणाऱ्या बैलानं मान वर केली.

दुसऱ्या दिवशी आठ वाजताच घाटावर माणूस मावंना. प्रवरेला पाणी नावालाच होतं, डबकी तेवढी साचलेली, त्यांवर जलपर्णी. मंडप घातला होता, माईक होता, महाराजांचं प्रवचन होतं, पुढाऱ्यांना पुढं खुर्च्या होत्या. जिवंतपणी ज्याला कुणी दारात उभं केलं नाही, त्याच्या दहाव्याला एवढं गाव! मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही खोटं नाही.

बायकांच्या बाजूला पुढंच सरांची बायको राहीबाई बसली होती. पाऽर वाळलेली, नजर मांडीवर. मागं चार ओळी सोडून रंगू, झुंबर, भिमा.

सरांना एकच लेक, म्हणून पुतण्या विधीला बसला होता. पिंड झाले. त्यानं ते उचलून नदीकडच्या दगडावर नेऊन ठेवले आणि हात जोडून मागं सरायला लागला. रंगूनं पदराचं टोक मुठीत आवळलं. काय बोलायचं ते तिनं रात्रभर घोकलं होतं.

पुतण्या दहा पावलं मागं आला नसंल, तोच बाभळीवरनं कावळा उतरला. इकडं बघितलं नाही, तिकडं बघितलं नाही. सरळ पिंडाला चोच घातली.

“शिवला! शिवला!” सगळा घाट बोलला. बाप्यांनी हात जोडले. बाया डोळे पुसायला लागल्या.

“मोकळा झाला मानूस,” रंगूच्या शेजारची म्हातारी म्हणाली. “कायबी मागनं न्हवतं बग त्याचं.”

रंगू बसल्या जागी दगड झाली. सरांनी थांबायला नको का? एवढ्या वर्षांनी ती आलीय, घटकाभर अडून बसायला नको का? तिला सरांचा रागच आला. आणि मग त्याच्यामागनं हळूच सुटल्यासारखंही वाटलं, की चला, आता बोलायची गरज नाही. हे सुटल्यासारखं वाटलं त्याचीच तिला लई लाज वाटली.

झुंबर तिच्याकडं बघत होती. भिमा बघत नव्हती.

प्रवचन झालं. श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. आणि पहिलाच माईक घेतला तो आप्पासाहेबानं. आता सोसायटीचा चेअरमन, कडक इस्त्री, गळ्यात उपरणं.

“लोंढे सर म्हंजी देवमानूस,” आप्पासाहेब बोलायला लागला. “आपल्या गावाचं नाव त्यांनी जिल्ह्यात नेलं. आमच्या घरच्या पोरीबी त्यांच्या हाताखाली खेळल्या. आता मधल्या काळात जे झालं ते झालं. मानूस म्हनल्यावर पाय घसरतो. पर आपल्या गावाचं मन मोटं! गावानं त्यांना माफ केलं, पोटात घातलं, डेअरीवर काम दिलं, शेवटपत्तुर सांबाळलं…”

लोकांनी माना डोलावल्या. राहीबाईची मान अजून खाली गेली. इतकी खाली की मागनं नुसती पाठच दिसायची.

ती पाठ रंगूनं बघितली. पारावर आपण अशाच दिसलो असू, तिला वाटलं.

खो कुणी दिला नव्हता. सरांनी नाही, कावळ्यानं नाही. मागनं कुणी देणारंही नव्हतं. फाऊल तर फाऊल, रंगू मनाशी म्हणाली आणि उठली. गुडघा कट्कन वाजला.

बायांच्या मधनं वाट काढत ती पुढं आली. आप्पासाहेबानं बघितलं, माईकवर हात ठेवला आणि दबक्या आवाजात बोलला, “रंगे, खाली बस.”

“माईक ऱ्हाऊ दे तुलाच,” रंगू म्हणाली आणि गर्दीकडं तोंड करून उभी राहिली. मग तिनं आवाज काढला. अठ्ठावीस वर्षं न काढलेला, पार त्या खांबापाशी ऐकू जाणारा.

“माफ कोन कुनाला करतंय? सरांनी मला कदी वंगाळ हात लावला न्हाई! मलाच न्हाई, कुनालाच न्हाई! माजं लगीन लवकर करू नका म्हनले, एवडाच त्यांचा गुना. मला पारावर इचारलं तवा मी मान खाली घातली. आई जीव दील म्हनून ह्या माज्या भावानं सांगितलं हुतं, आन मी भ्याले. खोटं मी केलं. समद्यांनी आयकलं का? मागं आयकू गेलं का?”

मग कुणीतरी खाकरलं. पुढच्या खुर्चीवरच्या एकानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. ‘जाऊ द्या, दिस कसला, बोलती काय,’ असं कुणीसं पुटपुटलं. महाराजांनी घाईनं पसायदान धरलं, आणि लोकांना बरंच झालं, सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटून घेतले. पसायदान संपायच्या आत निम्मा मंडप उठून पंगतीकडं चालायला लागला होता.

आप्पासाहेब जाता जाता तिच्याजवळ थांबला. “आजपास्नं तुला म्हायेर न्हाई.”

“तवा तरी कुटं हुतं, दादा?”

तो गेला. झुंबर आणि भिमा तिच्या दोन्ही बाजूंना येऊन उभ्या राहिल्या. झुंबरनं रंगूच्या पदराला लागलेलं गवत काढलं. रंगूला आत कुठंतरी हलकं वाटत होतं. बोललो आपण. उशिरा का होईना, बोललो.

राहीबाई अजून जागची हलली नव्हती. रंगू जाऊन तिच्यापुढं बसली.

राहीबाईनं मान वर केली. “खरं बोललीस का गं तू?”

“व्हय काकू. पोरांची शपत.”

राहीबाई किती तरी वेळ तिच्या तोंडाकडं बघत राहिली. डोळ्यांत पाणी नव्हतं.

“त्या दिशी पारावरनं घरी आले,” ती म्हणाली. “मला म्हनले, ‘राही, गावाचं जाऊ दे. तुला काय वाटतं?’ मी मान खाली घातली. तेंनी परत कदी इचारलं न्हाई, आन मी बी इचारलं न्हाई.”

पंगतीतनं वाढपी ओरडत होता, “बसून घ्या, बसून घ्या!”

“तवापास्नं तेंचं हातरून मी भाईर पडवीत टाकलं,” राहीबाई म्हणाली. “अट्टावीस वर्सं. थंडीत बी गं, रंगू. थंडीत बी.”